बाहेरची रेघ

सोमवार, ४

बाईंनी सांगितलं, रोज चार ओळी लिहायच्या. काय लिहू म्हटलं, तर म्हणाल्या, दिवसभरात जे घडलं ते. बागेत काय घडतं? नळी या झाडाची काढून त्या झाडाला लावली, पानं झाडली, गेटाला कुलूप घातलं. म्हणाल्या, तेच लिही. आणि वही कुणाला दाखवायची नाही, मलासुद्धा नाही. म्हणजे चुका झाल्या तरी ओरडा नाही. हे बरं आहे.

लिहितो तर. या बागेत कामाला लागून मला आठ महिने झाले. घर सोडून चार वर्षं झाली आणि ही नववी नोकरी. कुठं मुकादमाशी वाजलं, कुठं नुसताच कंटाळा आला. ताई फोनवर म्हणते, "तुझ्या पायाला भिंगरी आहे. एका जागी वर्षभर टिकून दाखव, मग मला शहाणपण शिकव." मला ताईनंच वाढवलंय, त्यामुळं तिला उलट बोलता येत नाही.

आता मात्र टिकायला कारण आहे. बागेत पोहण्याचा तलाव बांधायचं चाललंय. बागेवर देखरेख करणारे आमचे साहेब म्हणाले, तलाव झाला तर तुला तिथला राखणदार करतो. कायम. शिवाय राहायला खोली, खोलीत स्वतःचा नळ. सध्या मी अवजारांच्या खोलीत गवत कापायच्या यंत्राशेजारी झोपतो. कपड्यांना कायम पेट्रोलचा वास. पोहायला मला येतं, गावाकडं खाणीच्या पाण्यात शिकलोय. पण राखणदाराला पाट्या वाचता आल्या पाहिजेत, नोंदवही भरता आली पाहिजे, आणि माझी शाळा चौथीत सुटली. आकडे येतात, अक्षरं अडखळतात. म्हणून बाई शिकवतात. बाई जन्मभर शाळेत शिकवत होत्या, आता बागेसमोरच्या घरात राहतात आणि रोज संध्याकाळी मोठ्या झाडाखालच्या बाकावर बसतात.

गंमत अशी की बाई तलावाच्या विरुद्ध आहेत. मी विचारलं, मग मला कशाला शिकवता? म्हणाल्या, "तलाव वेगळा, तू वेगळा." मला काही उलगडलं नाही. पण शिकवतायत तोवर आपण गप्प.

चार ओळी म्हणता म्हणता पान भरलं.

बुधवार, ६

आज आखणी केली. म्हणजे तलाव कुठं होणार ते जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं आखून दाखवायचं. साहेबांचं म्हणणं, लोक नुसते हवेत भांडतायत, त्यांना डोळ्यांनी दिसू दे. येत्या चोवीस तारखेला, रविवारी, बागेतच सभा आहे. तिथं वस्ती ठरवेल ते साहेबांचं ऑफिस मान्य करणार.

इंजिनियर सकाळी आला. एका कोपऱ्यात खुंटी ठोकली, इतक्यात त्याला फोन आला. दुसऱ्या कामावर भिंत कलली म्हणे. नकाशा माझ्या हातात देऊन म्हणाला, "बाकीचं यावरून कर. आकडे वाचता येतात ना?" म्हटलं, येतात. "मग झालं. मी पंचवीसला येतो." आणि गेला स्कूटरवर.

नकाशात रेघांत रेघा. एक मोठी चौकट, तिच्यात दुसरी, तिच्यात तिसरी. पण मी काही आज जन्मलेलो नाही. जागा बदलत बदलत पाया खोदायच्या कामावर दोन वर्षं काढलीत. तिथल्या एका मुकादमानं कानाखाली देऊन शिकवलं होतं : बाहेरची रेघ आपली, आतल्या रेघा गवंड्याच्या. खोदणाऱ्यानं आत बघायचं नाही. बाहेरच्या रेघेवर आकडे होते बेचाळीस आणि चोवीस. टेप धरला, दोरी ताणली, चार वेळा कर्ण मोजून कोपरे काटकोनात आणले. फक्की अशी सोडली की रेघ कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. साहेब बघून म्हणाले, "बरंच मोठं दिसतंय रे." म्हटलं, नकाशाप्रमाणंच आहे. त्यांनी नकाशा उलटा धरून बघितला आणि मान डोलावली.

गुरुवार, ७

आग लागली.

सकाळी फिरायला येणारी मंडळी रेघेपाशी थबकली. झोपाळे रेघेच्या आत. मोठं झाड आत. बाईंचा बाक आत. फिरायच्या पायवाटेचं अख्खं वळण आत. वस्तीतला शिंपी तर कमरेवर हात ठेवून ओरडायला लागला, "हा तलाव आहे का समुद्र? बोटी सोडणार आहात का?"

उलट पाना खूश. पाना म्हणजे कोपऱ्यावरचा गाडीदुरुस्तीवाला. खिशात कायम पाना असतो म्हणून नाव पडलं. तलाव पाहिजे म्हणणाऱ्यांचा तो पुढारी. त्याच्या तीन पोरी. म्हणतो, या वस्तीत पोरींना पाण्यात पडायला एक जागा नाही. रेघेच्या कडेनं तो दोनदा फिरला, मग मधोमध गवतावर उताणा झोपला आणि हात मारायला लागला. पोहूनच दाखवत होता. मला म्हणाला, "भाऊ, एवढा मोठा करतील असं वाटलं नव्हतं. मी तर हौदावर समाधान मानणार होतो."

शिंपी वरून म्हणाला, "उठ, नाहीतर तुझ्यावर क्लोरिन टाकतो."

हे दोघं गेल्या महिन्यापर्यंत एका कपात चहा पीत होते.

शुक्रवार, ८

संध्याकाळी बाईंना नकाशा दाखवला. म्हटलं, धड्यापेक्षा हे वाचायला शिकवा, उपयोगाचं आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. बराच वेळ बघत होत्या. बोट बाहेरच्या रेघेवरनं फिरवलं, तिथं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय. मग नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "हे तुला आत्ताच जमायचं नाही. जोडाक्षरं फार आहेत. आपण धडाच वाचू."

खरंच आहे. जोडाक्षर आलं की माझी गाडी रुळावरनं उतरते.

जाताना म्हणाल्या, "रेघ सुरेख मारलीस हो. पुसू देऊ नकोस." विरोधात असून कौतुक करतात. याला म्हणतात मोठं मन.

रविवार, १०

नवीन काम लागलंय. भांडणाऱ्यांचे पाय पडून रेघ पुसते, म्हणून साहेबांनी सांगितलं, रोज सकाळी ती परत ठळक करायची. मी रोज पहाटे बादली घेऊन फक्की सोडतो आणि रोज संध्याकाळपर्यंत लोक ती चपलांना लावून घरी नेतात.

दोन्हीकडची माणसं मला विचारतात, तू कुणाच्या बाजूचा? पानाला म्हणतो, तुमच्या. खरंच आहे, मला खोली पाहिजे. शिंप्याला म्हणतो, मी सरकारी माणूस, मला बाजू नाही. बाईंना काही म्हणतच नाही.

मंगळवार, १२

आज काकांविषयी लिहितो. काका म्हणजे बाईंचे मालक. त्यांना दिसत नाही. आधी थोडं दिसायचं, आता उजेड कुठं आणि अंधार कुठं तेवढंच कळतं. पण रोज संध्याकाळी ते बागेला एक फेरी एकटेच मारतात. काठी असते, पण टेकत नाहीत, नुसती हातात. पावलं मोजतात. गेटापासून गेटापर्यंत चारशे बारा. वळण कुठं, उतार कुठं, नळाचं झाकण कुठं, सगळं आकड्यावर. मला म्हणाले, "दिवसात ही एकच गोष्ट मी एकट्यानं करतो. दाढीसुद्धा ती करते."

बाई त्या वेळी बाकावर पायवाटेकडं पाठ करून बसतात. त्यांनी आपल्याकडं बघत राहिलेलं काकांना आवडत नाही. तेवढ्या वेळात मला शिकवतात. शिकवताना त्यांचे ओठ सारखे हलत असतात. माझ्याबरोबर मनात वाचत असाव्यात. कधी कधी मी चुकतो तरी त्यांचं लक्ष नसतं, ओठ तेवढे चालू. वय झालं.

आज विचारलं, बाई, तुमचा तलावावर राग का? म्हणाल्या, "ओली फरशी, धावणारी पोरं, सायकली, आरडाओरडा. हे कुणाला तरी धडकतील, नाहीतर कुणी यांना. एकदा पडले की परत बाहेर निघायचे नाहीत. मी ओळखते ना त्यांना." मग म्हणाल्या, "वाच पुढं."

तेही खरं आहे. पण पानाच्या पोरींचंही खरं आहे. आणि माझ्या खोलीचं काय? तिघांचंही एकदम खरं कसं असेल? माझं डोकं म्हणजे नुसता गुंता झालाय.

शुक्रवार, १५

शिंपी आणि पाना यांची हातघाई झाली. शिंप्याच्या माणसांनी झोपाळ्याला पाटी लावली, "आम्हाला बुडवू नका". पानाच्या माणसांनी ती उलटी करून मागं लिहिलं, "पोहायला शिका". शिंप्याला वाटलं त्याची टिंगल केली. टिंगलच होती. शिंप्याच्या शर्टाची बटणं तुटली. पाना म्हणाला, "लावून घे तूच, शिंपी आहेस." शिंपी त्यावर हसला असता तर मिटलं असतं. नाही हसला.

मी मध्ये पडलो तर दोघांनी मलाच ढकललं. रेघेवर पडलो. पाठ पांढरी.

शिंप्याची बायको पानाच्या बायकोशी बोलत नाही म्हणे. तिचं शिवायला टाकलेलं झंपर अर्धं तसंच परत पाठवलं. एका रेघेनं एवढं होतं? मी आयुष्यात पुष्कळ खड्डे खणले, पण न खणलेल्या खड्ड्यानं माणसं अशी पडताना पहिल्यांदाच बघतोय.

सोमवार, १८

ताईचा फोन. नववा महिना लागला का विचारलं. म्हटलं, लागला. म्हणाली, "यंदा पळाला नाहीस, बरा आहेस ना?" तिला खोलीचं सांगितलं. मग म्हणाली, "खिडकी आहे का रे खोलीला?" तिच्या सासरी ती आणि जावा एकाच खोलीत निजतात. मी ठोकून दिलं, दोन खिडक्या आहेत. खोली अजून कागदावरसुद्धा नसेल.

पण फोन ठेवल्यावर वाटलं, नकाशात बघू, खोली दाखवली असेल तर खिडकी पण दाखवली असेल. जोडाक्षरं गेली उडत. रोज थोडं थोडं वाचायचं ठरवलं.

गुरुवार, २१

खोली सापडली. "राखणदार" असा शब्द आहे, माझाच. खिडकी एक. ताईला सांगायला नको.

आतल्या सगळ्यात लहान चौकटीत "पाणी" लिहिलंय. पंचवीस आणि दहा. त्याच्या बाहेरच्या चौकटीत "फरशी". पाणी जर आतल्या चौकटीत, तर बाहेर बेचाळीसपर्यंत काय आहे? तिथली अक्षरं फार बारीक. उद्या उजेडात बघतो.

शुक्रवार, २२

वाचलं. तासभर लागला. एकेक अक्षर बोटानं धरून, मग जोडून, मग परत पहिल्यापासून.

"मोजणीची हद्द. या हद्दीतील झाडे, झोपाळे व पायवाट कायम."

तीनदा वाचलं. कायम म्हणजे कायम. माझ्या नोकरीसारखं कायम. म्हणजे बाहेरची रेघ ही नुसती इंजिनियरनं कुठवर मोजलं ते सांगायची रेघ. खोदायचं तिथं नाहीच. तलाव आतला, पंचवीस बाय दहा. झाडाला धक्का नाही, बाकाला नाही, वळणाला नाही. सगळी वस्ती पंधरा दिवस भांडतेय ती एका तलावासाठी नाही, माझ्या फक्कीसाठी. आणि मी ती रोज सकाळी परत ठळक करत होतो. वरून म्हणत होतो, कोपरे बघा कसे काटकोनात आहेत.



शनिवार, २३

इकडं आड, तिकडं विहीर. वस्तीतले निम्म्याहून जास्त लोक विरोधात गेलेत, सगळे म्हणतात उद्या सभेत तलाव पडणार. गप्प बसलो तर तलाव गेला आणि त्याबरोबर खोली गेली. खरं सांगितलं तर साहेब मला उभा ठेवणार नाहीत. दोन्हीकडनं खोली जातेच. मग गप्प बसून जावी की बोलून? नेहमीसारखी पिशवी उचलून निघावं असंही मनात आलं. पिशवी काढलीसुद्धा. तिच्यात तीन शर्ट भरले आणि परत बाहेर काढले.

शेवटी संध्याकाळी बाईंना सगळं सांगितलं. नकाशा उघडून त्या ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवली, एकदाही न अडखळता. मला वाटलं, शाबास म्हणतील. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझी काळजी, दुसरं काय. हळूच म्हणाल्या, "कुणाला बोललास?" म्हटलं, फक्त तुम्हाला. तेवढ्यात काका फेरी संपवून गेटाशी पोचले. बाईंनी वळून बघितलं आणि म्हणाल्या, "उद्याचा दिवस जाऊ दे. सभा झाल्यावर शांतपणे सांग साहेबांना. तोवर राग निवलेला असेल. तुझी नोकरी महत्त्वाची."

एवढा विचार माझा कुणी केला नव्हता, ताई सोडली तर. गप्प बसायचं ठरवलं.

रविवार, २४

नाही बसलो.

सकाळी नऊला सगळे जमले. दीडशे तरी माणूस. साहेबांनी बोलण्यापेक्षा सोपी युक्ती काढली. म्हणाले, "भाषणं पुष्कळ झाली. ज्यांना तलाव पाहिजे त्यांनी रेघेच्या आत उभं राहा, नको त्यांनी बाहेर. मी मोजतो." लोक हलायला लागले. पाना पोरींना घेऊन मधोमध. शिंपी बाहेर, हाताची घडी. बाहेर गर्दी जास्त हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

असं लिहायला नको होतं. कारण तेवढ्यात काकांनी माझा दंड धरला. बाई पुढं निघून गेल्या होत्या. काका म्हणाले, "अरे, मला बाहेर नेऊन उभं कर. रेघ मोजलेली नाही मी." मी त्यांना नेत होतो आणि ते मध्येच थांबले, पायवाटेच्या वळणावर. पायानं जमीन चाचपली. म्हणाले, "हे दोनशे सहा. इथं डावीकडं वळायचं. तलाव झाला की हे वळण पाण्यात. आज एकदा नीट उभा राहून घेतो."

माझ्या तोंडातनं निघून गेलं. "नाही हो काका. पायवाट राहणार आहे. चूक माझी आहे."

"काय?"

मग मी मोठ्यानं ओरडलो. काय काय बोललो ते धड आठवत नाही. बाहेरची रेघ, आतली रेघ, मुकादम, कानाखाली, असं बरंच. कुणालाच कळेना. पाना म्हणाला, "ऊन लागलं याला." तेव्हा मी बोलणं सोडलं, टेप आणि बादली आणली, आणि सगळ्यांसमोर आतली चौकट आखायला घेतली. टेपचं दुसरं टोक कुणी धरेना. मग शिंपी आला आणि धरलं. शिंप्याचा हात, टेप कसा ताणायचा ते त्याला सांगावं लागलं नाही.

पंचवीस बाय दहा. झोपाळ्यांपासून लांब, झाडापासून लांब, पायवाटेपासून सात हात आत.

मग शिंपी म्हणाला, "एवढंच? एवढ्यासाठी मी पंधरा दिवस धंदा सोडून घसा फोडला?" बाहेरचे बरेच लोक नुसते उभे, चोरी पकडल्यासारखे. आणि मला वाटलं पाना तरी पाठ थोपटेल. त्याचं तोंड उतरलेलं. म्हणाला, "हा तलाव? ही तर बादली आहे! तू मला समुद्र दाखवलास आणि आता तांब्या देतोस?" त्याच्यातले चार-पाच जण चिडून बाहेर जाऊन उभे राहिले. आणि शिंप्याकडचे कितीतरी आत आले. शिंपी स्वतः आत. पाना रागानं बाहेर. मग त्याच्या थोरल्या पोरीनं त्याचा हात धरून ओढला, "बाबा, आत चला ना, मला बादली चालेल," तेव्हा आला.

साहेबांनी मोजलं. आतले अकरा जास्त. तलाव झाला.

काका तिथंच वळणावर उभे होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे पायवाट जशीच्या तशी?" म्हटलं, हो काका, नकाशात लिहिलंय, कायम. बाई परत आल्या होत्या, त्यांच्या चाहुलीच्या दिशेनं त्यांनी तोंड वळवलं. "अगं, तू तर म्हणालीस नकाशा बघितला होतास..."

बाई म्हणाल्या, "चला. ऊन झालं."

बाई आत उभ्या राहिल्या की बाहेर, ते मला दिसलं नाही. कुठंच नसाव्यात.

सभा उठल्यावर साहेबांनी मला अवजारांच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. "दीडशे लोकांत माझी शोभा केलीस. मी उलटा नकाशा धरला होता हेही सांगायचंस." ते मी सांगितलं नव्हतं. "शनिवारी सामान उचल."

तलाव झाला आणि मी गेलो. असं कुठं असतं?

मंगळवार, २६

बाई बागेत आल्या नाहीत. काल पण नाही. काका आले, एकटे. फेरी केली. मी विचारलं, बाई बऱ्या आहेत ना? म्हणाले, "डोकं दुखतंय म्हणते." मग म्हणाले, "आमच्या घरात दोन दिवस मी आंधळा आणि ती मुकी." मला वाटलं, तलाव मंजूर झाला म्हणून बाई माझ्यावर रागावल्या. त्यांनी सांगितलं होतं, उद्याचा दिवस जाऊ दे. मी ऐकलं नाही.

जायच्या आधी माफी मागायला पाहिजे. पण दारात जायचा धीर होत नाही.

गुरुवार, २८

सकाळी काकांनी एक पाकीट आणून दिलं. चिकटवलेलं. म्हणाले, "तिनं दिलंय. साहेबांच्या हातात दे." मला कळलं, शिफारस. रागावल्या असल्या तरी बाई त्या बाईच.

साहेबांनी माझ्यासमोरच फोडलं. दोन पानं होती. शिफारस एवढी मोठी? वाचता वाचता ते खुर्चीत मागं टेकले. पहिलं पान परत वाचलं. मग मला विचारलं, "हे तू वाचलंस?"

"बंद पाकीट कोण फोडतं, साहेब?"

"यातलं तुला काहीच माहीत नाही?"

"चांगलंच लिहिलं असेल."

साहेबांनी मग पत्र खणात टाकून किल्ली फिरवली. म्हणाले, "शनिवारचं राहू दे. पंचवीसचा वायदा करून इंजिनियर आज येतोय. त्याच्याबरोबर टेप धर. आणि या वेळी मीही नकाशा वाचणार आहे." मी विचारलं, आणि राखणदाराचं? म्हणाले, "नाव ठेवतो. आता जा, माझं डोकं फिरायच्या आत."

आजवर आठ नोकऱ्यांत मला परत ठेवून घेतलं असं कधी झालं नव्हतं. बाईंच्या शब्दाला किती वजन आहे बघा.

तसाच धावत त्यांच्या घरी गेलो. बाईंनी दार उघडलं. डोळे सुजलेले, डोकं खरंच दुखत असणार. मी म्हटलं, बाई, तुमच्या पत्रानं काम झालं. त्या म्हणाल्या, "साहेबांनी वाचून दाखवलं तुला?" म्हटलं, नाही, खणात ठेवलं.

त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं चुकलं रे."

मी म्हटलं, "तुमचं कसं चुकलं? तुम्ही शिकवलं म्हणून तर मला ती ओळ वाचता आली. चुकलं माझं, तुमचं ऐकलं नाही."

त्यांनी पदर तोंडाला लावला. एवढं वाईट वाटण्यासारखं मी काय बोललो, देवाला ठाऊक. म्हणाल्या, "आत ये. बस. पत्रात काय लिहिलंय ते मी तुला वाचून दाखवते. शब्दन् शब्द."

इतक्यात समोर बागेच्या गेटावरनं इंजिनियर हाका मारायला लागला, हात वर करून, टेप हलवत. म्हटलं, बाई, आता घाई आहे, मला बोलावलंय. उद्या संध्याकाळी बाकावर वाचा, मी नीट ऐकतो. आणि पायऱ्या उतरलो.

मागनं त्या काहीतरी म्हणाल्या. थांबून ऐकायला हवं होतं, पण इंजिनियर खुंटी चुकीच्या जागी ठोकत होता.